अपकन्व्हर्जन नॅनोस्फटिकांचा प्रकाश कसा वाढवायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कमी ऊर्जेचे दोन-तीन फोटॉन शोषून जास्त ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर टाकणं म्हणजे अपकन्व्हर्जन. ९८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही. सायक्लोहेक्झेन या द्रावकातल्या अशा स्फटिकांच्या चांगल्या नमुन्यातून तो गेला, की कुपीत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी रेघ उमटते. पहिल्यांदा स्फटिक बनवणाऱ्या बहुतेकांना मात्र ही रेघ खोलीतले दिवे मालवल्यावरच दिसते. मग लेझरची पॉवर वाढवली जाते, एर्बियमचं प्रमाण वाढवलं जातं, कुठेतरी वाचलेले सोन्याचे नॅनोकण घातले जातात. मी काही वर्षं एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलामुलींबरोबर हे स्फटिक बनवते आहे आणि पहिल्याच दिवशी त्यांना सांगते, की माठ गळत असेल तर आधी भेग शोधायची, पाणी नंतर ओतायचं. या स्फटिकांनी शोषलेली बहुतेक ऊर्जा प्रकाश होण्याआधीच गळून जाते. ती गळती कुठे होते आणि कशी थांबवायची, हे या लेखात क्रमाने सांगते.

आधी थोडं विज्ञान

या स्फटिकांत यिटर्बियम आणि एर्बियम या दुर्मिळ मृदा धातूंचे आयन थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात. यिटर्बियमचा आयन ९८० नॅनोमीटरचा फोटॉन शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या एर्बियमला देतो. एर्बियम एक पायरी चढून तिथे थांबतो. स्थूल स्फटिकात ही अवस्था मिलिसेकंदांच्या घरात टिकते, म्हणून दुसरा यिटर्बियम तेवढ्या वेळात दुसरा हप्ता देऊ शकतो. एर्बियम आणखी वर चढतो आणि उतरताना ५२० ते ५५० नॅनोमीटरचा हिरवा किंवा ६५० च्या आसपासचा लाल प्रकाश देतो. एर्बियमऐवजी थुलियम घातला, तर ४७५ ला निळा आणि ८०० ला अवरक्त प्रकाश मिळतो. आयनांमधली ही देवाणघेवाण फ्रान्समध्ये फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये मांडली.

सगळा खेळ त्या पहिल्या पायरीवर थांबण्याचा आहे. आयन तिथे जितका टिकेल, तितकी दुसरा हप्ता मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून यजमान स्फटिक, म्हणजे हे आयन ज्यात बसतात तो, कमी थरथरणारा हवा. सोडियम यिट्रियम फ्लोराइडमध्ये जालकाची कंपनं साधारण ३५० प्रति सेंटिमीटर (इथे हे ऊर्जेचं एकक आहे) इतक्या कमी ऊर्जेची असतात. याउलट पाण्यातल्या किंवा पृष्ठभागावरच्या ओ-एच बंधाचं कंपन ३४०० च्या आसपास असतं, आणि कणांवर आवरण म्हणून बसणाऱ्या ओलिइक आम्लातल्या सी-एच बंधाचं २९०० च्या आसपास. यिटर्बियमची अवस्था तळापासून सुमारे १०,२०० प्रति सेंटिमीटर उंचीवर आहे. म्हणजे ओ-एचच्या तीन हिसक्यांत ती रिकामी होते. गळती ती हीच.

नॅनोकण मंद का, हे आता हिशोबानेच कळतं. १० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणाचं जवळपास ४९ टक्के आकारमान पृष्ठभागापासून एका नॅनोमीटरच्या आत असतं. ३० नॅनोमीटरच्या कणात ते १९ टक्क्यांवर येतं आणि १०० नॅनोमीटरच्या कणात सहा टक्क्यांवर. शिवाय यिटर्बियमची ऊर्जा एका आयनावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते, त्यामुळे आतल्या आयनांनाही पृष्ठभागाची झळ पोचते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात बॉयर आणि व्हान वेगल यांनी २०१० मध्ये क्वांटम यिल्ड, म्हणजे शोषलेल्या फोटॉनच्या तुलनेत बाहेर पडणाऱ्या फोटॉनचं प्रमाण, मोजलं. १५० वॅट प्रति चौरस सेंटिमीटरला स्थूल पदार्थाचं यिल्ड सुमारे ३ टक्के होतं आणि १० ते १०० नॅनोमीटरच्या कणांचं ०.००५ ते ०.३ टक्के. ही दरी भरून काढायची आहे.

पायरी १: मोजायला शिका, मग बनवायला

इथे घाई करू नका. दोन फोटॉनच्या प्रक्रियेत कमी पॉवरला प्रकाश पॉवरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक वॅटचा लेझर एक मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात असेल, तर तीव्रता सुमारे १२७ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर होते. ठिपका दोन मिलिमीटरचा झाला, तर ती ३२ वर येते आणि एकूण उत्सर्जन चौथाईवर. कुपी स्टँडमध्ये जराशी पुढेमागे झाली तरी ‘सुधारणा’ झाल्याचा भास होतो. अशी सुधारणा घेऊन खुशीत आलेले अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचा तो आनंद हिरावून घ्यायला मलाही बरं वाटत नाही.

म्हणून ठिपक्याचा व्यास मोजा, क्युव्हेटचा, म्हणजे मोजणीच्या चौकोनी कुपीचा, होल्डर पक्का करा आणि प्रत्येक नोंदीशेजारी वॅट प्रति चौरस सेंटिमीटर लिहा. नुसतं ‘१ वॅट लेझर’ लिहिलेल्या नोंदीला अर्थ नसतो. स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी लेझरचा प्रकाश अडवणारा शॉर्टपास फिल्टर लावा. पॉवर बदलत उत्सर्जन मोजा आणि दोन्हींचा लॉगरिदम घेऊन आलेख काढा. चढ दोनच्या जवळ असेल तर तुम्ही कमी पॉवरच्या प्रदेशात आहात, एककडे झुकत असेल तर संपृक्ततेकडे. दोन नमुन्यांची तुलना एकाच तीव्रतेला करा, जमल्यास दोन-तीन तीव्रतांना.

तुलना समान वजनावर करू नका, ही चूक फार जण करतात. चमकणाऱ्या गाभ्यावर (कोअर) बाहेरून थर (शेल) चढवलेल्या कणाच्या वजनात बराच भाग न चमकणाऱ्या शेलचा असतो. दोन्ही कुप्यांत यिटर्बियमचं प्रमाण, म्हणजेच कोअरची संख्या, सारखी ठेवा.

सुरक्षेचं इथेच सांगते. ९८० नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, पण डोळ्याचं भिंग तो थेट पडद्यावर एकवटतं. अर्धा वॅटच्या वरचे लेझर क्लास ४ मध्ये येतात. चष्म्यावर ९८० साठीची ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे तो किरण किती अडवला जातो याचा आकडा, छापलेली आहे का ते वाचा. हिरव्या लेझरचा चष्मा इथे कामाचा नाही. घड्याळ, अंगठी काढून ठेवा आणि किरण डोळ्याच्या पातळीच्या खाली ठेवा.

पायरी २: वजनकाटा आणि ओलावा

एका ठरलेल्या बॅचसाठी एक मिलिमोल दुर्मिळ मृदा क्लोराइडं लागतात: ७८ भाग यिट्रियम, २० भाग यिटर्बियम, २ भाग एर्बियम. हेक्झाहायड्रेट (पाण्याचे सहा रेणू असलेले क्षार) वापरत असाल तर २३६.६ मिलिग्रॅम यिट्रियम क्लोराइड, ७७.५ मिलिग्रॅम यिटर्बियम क्लोराइड आणि फक्त ७.६ मिलिग्रॅम एर्बियम क्लोराइड. साडेसात मिलिग्रॅम चमच्याने तोलण्याचा आग्रह धरू नका. प्रत्येक क्लोराइडचं मिथेनॉलमध्ये ठरावीक तीव्रतेचं द्रावण करून ठेवा आणि पिपेटने घ्या. सगळ्या बॅचेस एकाच द्रावणातून निघाल्या, तर निदान त्या आपसांत तुलना करण्याजोग्या राहतात. शुद्धता ९९.९ टक्क्यांच्या खाली नको, कारण इतर दुर्मिळ मृदांचा अंश ऊर्जा चोरतो.

पुढचं मुंबई, कोकण, गोवा इथल्या मुलांसाठी विशेष. अमोनियम फ्लोराइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड ही दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. जुलैत बाटली पाच मिनिटं उघडी राहिली, की दाणे चिकटून ढेकळं होतात. बॅचला अमोनियम फ्लोराइड लागतं १४८ मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिलिमोल, आणि सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिलिग्रॅम, म्हणजे २.५ मिलिमोल. ओल्या पुडीतून १४८ मिलिग्रॅम तोललं, तर त्यात फ्लोराइड कमी आणि पाणी जास्त भरतं. माझ्या एका पावसाळ्यात लागोपाठ चार बॅचेस मंद चमकणाऱ्या घनाकृती (क्युबिक) रचनेतच अडकल्या. तापमान, वेळ, लेझर सगळं तपासून झालं, आणि दोष निघाला अमोनियम फ्लोराइडच्या बाटलीत. तेव्हापासून नवी बाटली आली, की ती लहान कुप्यांत वाटून, पॅराफिल्म लावून, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवते आणि एका दिवसाला एकच कुपी उघडते. फ्लोराइड काचेला खातं, म्हणून या कुप्या प्लास्टिकच्या घ्या.

पायरी ३: कोअर

ही पद्धत सिंगापूरमध्ये झेंगक्वान ली आणि योंग झांग यांनी २००८ मध्ये दिली आणि आजही शिकण्यासाठी हीच सगळ्यात सोयीची. तीन मानेच्या फ्लास्कमध्ये क्लोराइडं, ६ मिलिलिटर ओलिइक आम्ल आणि सुमारे १५ मिलिलिटर १-ऑक्टाडेसिन घ्या. आरगॉनखाली १५० ते १६० अंशांना अर्धा तास ढवळा, म्हणजे पारदर्शक, किंचित पिवळसर द्रावण होईल. ते खोलीच्या तापमानाला आणा. सोडियम हायड्रॉक्साइड आणि अमोनियम फ्लोराइड १० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवून थेंबथेंब घाला आणि ५० अंशांना अर्धा तास ढवळा. मग तापमान हळूहळू वाढवून मिथेनॉल घालवा, आणि १०० ते ११० अंशांना व्हॅक्यूमवर बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा.

हा शेवटचा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो आटोपता घेतात. पण उरलेलं पाणी म्हणजे स्फटिकात शिरणारा हायड्रॉक्सिल, म्हणजेच ओ-एच. पृष्ठभागावरचा ओ-एच निदान शेलने झाकता येतो, आत अडकलेला नाही. तेव्हा इथे अर्धा तास जास्त द्या.

त्यानंतर आरगॉन चालू करून साधारण १० अंश प्रति मिनिट वेगाने ३०० अंशांपर्यंत न्या आणि एक ते दीड तास ठेवा. सगळं फ्युम हूडमध्ये. जादा अमोनियम फ्लोराइड तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन फ्लोराइड सोडतं, म्हणून बाहेर जाणारा वायू अल्कलीच्या बबलरमधून सोडा आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवा. हायड्रोजन फ्लोराइडची जखम सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे दुखण्याची वाट पाहू नका, लगेच धुवा आणि डॉक्टर गाठा.

थंड झाल्यावर इथेनॉलने अवक्षेप पाडा, सेंट्रिफ्यूज करा, दोन-तीनदा धुवा आणि सायक्लोहेक्झेनमध्ये मिसळा. धुण्याचा अतिरेक नको. ओलिएट, म्हणजे ओलिइक आम्लाचं आवरण, निघून गेलं तर कण एकमेकांना चिकटतात आणि शेल चढवताना ते पुन्हा सुटे होत नाहीत.

पायरी ४: स्फटिकाची जात तपासा

याच पदार्थाचे दोन अवतार आहेत. अल्फा घनाकृती (क्युबिक), बीटा षट्कोनी. बीटा कितीतरी उजळ. रिअ‍ॅक्शनमध्ये आधी अल्फाचे बारीक कण बनतात आणि ३०० अंशांना त्यांचा बीटा होतो. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) काढून बीटाच्या प्रमाणित नोंदीशी, जेसीपीडीएस १६-०३३४ या कार्डाशी, ताडून पाहा. घनाकृती अल्फाच्या रेषा उरल्या असतील तर वेळ किंवा तापमान कमी पडलं, किंवा फ्लोराइडचा हिशोब चुकला. उलट फार वेळ ठेवलं, तर लहान कण विरघळून मोठ्यांवर जमतात आणि आकार पसरतात. बीटा मिळवणं फारच जड जात असेल, तर यिट्रियमच्या जागी थोडा गॅडोलिनियम घाला. तो षट्कोनी रचनेला मदत करतो आणि कणही लहान ठेवतो.

पायरी ५: शेल

एवढंच एक पान वाचायचं असेल तर हे वाचा. कोअरवर डोपिंग नसलेल्या, म्हणजे यिटर्बियम-एर्बियम न मिसळलेल्या, सोडियम यिट्रियम फ्लोराइडचा थर चढवला, की चमकणारे आयन ओ-एच आणि सी-एच पासून दूर जातात. यी आणि चाऊ यांनी २००७ मध्ये अशा शेलने यिटर्बियम-एर्बियमच्या कणांचा प्रकाश सात पटींहून जास्त आणि यिटर्बियम-थुलियमचा २९ पटींहून जास्त वाढवला. थुलियमला इतका फायदा का? त्याच्या निळ्या रंगाला तीन फोटॉन लागतात, म्हणजे गळतीची शिक्षा दर पायरीवर भोगावी लागते.

नवखे विद्यार्थी इथे हमखास पदार्थ कमी घालतात. कोअर २० नॅनोमीटर व्यासाचा आहे आणि सगळीकडून ५ नॅनोमीटरचा शेल हवा आहे असं धरू. नवा व्यास ३०. आकारमान दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे ३.३७५ पट. म्हणून एक मिलिमोल कोअरला सुमारे २.४ मिलिमोल शेलचा पदार्थ लागतो. एकास एक घातलात, तर शेल फक्त २.६ नॅनोमीटरचा बसेल. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

किती जाड पुरे? दोन नॅनोमीटरलाच मोठा फरक दिसतो. ३ ते ५ नॅनोमीटर हे कामचलाऊ ध्येय. त्यापुढे मिळकत हळूहळू कमी होते, पण संपत नाही. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठात मार्कुस हासे यांच्या गटाने २०१८ मध्ये निर्जल अ‍ॅसिटेटं वापरली आणि शेलची जाडी कोअरच्या त्रिज्येइतकी ठेवली. एकूण ४५ नॅनोमीटरच्या त्या कणांचं क्वांटम यिल्ड स्थूल भुकटीच्या अगदी जवळ पोचलं. अशा शेलला कोअरच्या सात पट पदार्थ लागतो. पाणी टाळा आणि जाड शेल चढवा, या दोन साध्या गोष्टींनी त्यांनी हे साधलं, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

चढवायचा कसा? सोपी पद्धत अशी, की तिसऱ्या पायरीतलंच यिट्रियम ओलिएटचं द्रावण तयार करून त्यात कोअर घालायचे, सोडियम आणि फ्लोराइड द्यायचं आणि पुन्हा ३०० अंशांना न्यायचं. हे चालतं, पण एकाच वेळी सगळा पदार्थ मिळाल्याने काही भाग कोअरवर न बसता स्वतःचे वेगळे बारीक कण बनवतो. जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे गरम द्रावणात थोडं थोडं देत राहणं. वेगळे बनवलेले अल्फाचे अगदी बारीक कण ३०० अंशांना कोअरच्या द्रावणात सुईने सोडा. ते विरघळतात आणि मोठ्या बीटा कणांवर जमतात. पाच-सहा हप्त्यांत, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून, असं केलं की कणांचे आकार सारखे राहतात. पोळीला तूप एकदम ओतण्याऐवजी फिरवून लावतात, तसंच हे काम.

मग टीईएमशिवाय, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय, पुढे जाऊ नका. व्यास अपेक्षेइतका वाढला आहे का? लहान कणांची वेगळी गर्दी दिसते का? शेल सगळीकडून सारखा आहे का? बीटा कण षट्कोनी असल्याने थर कधी टोकांना जाड आणि बाजूंना पातळ बसतो, आणि गळती त्या पातळ बाजूनेच होते. सरासरी जाडी पाहून समाधान मानू नका.

पायरी ६: गळती कुठे उरली ते ओळखा

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती आयुःकालाची मोजणी. स्पंदित लेझर मारून यिटर्बियमचं एक मायक्रॉनजवळचं उत्सर्जन कसं विझत जातं ते पाहा. स्थूल पदार्थात हा काळ सुमारे २ मिलिसेकंद असतो. उघड्या लहान कणांत तो शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली घसरतो. शेल चढवूनही तो फारसा वाढला नाही, तर शेल अपुरा आहे किंवा कोअरच्या आतच हायड्रॉक्सिल आहे. ठिपक्याचा आकार किंवा कुपीची जागा बदलली तरी हा आकडा बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आयुःकाल मोजायची सोय नसेल तर लाल आणि हिरव्याचं गुणोत्तर पाहा. एर्बियमच्या पहिल्या पायरीखाली साधारण ३६०० प्रति सेंटिमीटर अंतरावर आणखी एक पायरी आहे आणि ओ-एचचा एक हिसका तेवढाच असतो. तिथे घसरलेला एर्बियम पुन्हा चढला, की लाल देतो. त्यामुळे ओलावा आणि उघडा पृष्ठभाग बहुधा लाल रंग वाढवतात. याच बॅचचा शेल नीट बसला, की हिरवा वर येतो.

पाण्यात नेलेल्या कणांसाठी आणखी एक चाचणी आहे. थोडा नमुना जड पाण्यात घ्या. त्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो आणि ओ-डीचं कंपन सुमारे २५०० वर असतं, त्यामुळे ऊर्जा शोषायला त्याला जास्त हिसके लागतात. जड पाण्यात प्रकाश एकदम उडी मारत असेल, तर साध्या पाण्याचा हात शेलमधून आत पोचतो आहे.

पायरी ७: डोपिंगला आता हात लावा

२० टक्के यिटर्बियम आणि २ टक्के एर्बियम हे प्रमाण उघड्या कणांसाठी योग्य आहे, आणि थुलियम तर अर्धा टक्क्याच्या आतच ठेवतात. जास्त घातलं तर प्रकाश विझतो, असं आपण शिकतो. पण २०१७ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की या विझण्यामागे मोठा वाटा ऊर्जा उड्या मारत पृष्ठभागापर्यंत पोचण्याचा आहे. चांगला शेल असेल तर प्रमाण पुष्कळ वाढवता येतं. म्हणून डोपिंगची मालिका शेल चढवल्यानंतर करा. उघड्या कणांवर शोधलेलं ‘सर्वोत्तम प्रमाण’ शेल चढवल्यावर बदलतं आणि तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागतं.

लेझरची तीव्रताही इथे मध्ये येते. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कणावर प्रचंड तीव्रता पडते, तिथे जास्त एर्बियम किंवा ८ टक्के थुलियमही उपयोगी ठरतो. कुपीतल्या मंद किरणाला तेच कण फिके दिसतात. तुमचा उपयोग कोणत्या तीव्रतेला आहे ते आधी ठरवा.

पायरी ८: ८०८, रंगद्रव्य, सोनं

९८० चा प्रकाश पाणीही शोषतं. एक सेंटिमीटर पाण्यात त्यातला ३८ टक्क्यांच्या आसपास भाग जातो आणि नमुना तापतो. ८०८ नॅनोमीटरला हे शोषण जेमतेम दोन टक्के. जैविक कामासाठी म्हणून निओडिमियमचा थर देऊन ८०८ ने उत्तेजित करतात. मात्र निओडिमियम एर्बियमच्या शेजारी बसला तर त्याचीच ऊर्जा पळवतो, तेव्हा त्याला वेगळ्या थरात ठेवा.

यिटर्बियम प्रकाश फार कमी शोषतो, हा त्याचा मूळ दुबळेपणा. ८०० च्या आसपास शोषणारं सेंद्रिय रंगद्रव्य पृष्ठभागावर बांधून नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात २०१२ मध्ये उत्सर्जन हजारो पट वाढवलं गेलं. पण तिथे तुलना रंगद्रव्य नसलेल्या कणांशी, तरंगलांबींच्या रुंद पट्ट्यावर बेरीज करून होती, हे लक्षात ठेवा. ही रंगद्रव्यं प्रकाशात लवकर झिजतात. सोन्याच्या कणांबद्दल माझा सल्ला एवढाच, की अंतर काही नॅनोमीटरने चुकलं तर सोनं प्रकाश विझवतं. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

साठवणीचं शेवटी. सायक्लोहेक्झेनमध्ये, घट्ट झाकणाच्या कुपीत, तळाशी कण बसले तर थोडं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवणं) करून हे नमुने दीर्घकाळ टिकतात. पाण्यात, विशेषतः फॉस्फेट बफरमध्ये, फार विरळ केलेले कण हळूहळू विरघळतात आणि फ्लोराइड सोडतात. त्यामुळे पाण्यातले नमुने त्याच आठवड्यात मोजा, आणि प्रत्येक बॅचची एक कुपी सायक्लोहेक्झेनमध्ये बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी नव्या बॅचशी ताडून पाहायला ती लागेल.